सोमलाच्या खटल्यातील महाराज : मल्हारराव गायकवाड

९ नोव्हेंबर १८७४, सोमवारची सकाळ. बडोद्याचे ब्रिटिश रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेअर नेहमीप्रमाणे फेरफटका मारून परतले. त्यांच्या खोलीत हात धुण्याच्या टेबलावर पपनसाच्या सरबताचा पेला रोजच्यासारखा भरून ठेवलेला होता. त्यांनी दोन-तीन घोट घेतले, चव बरी वाटली नाही म्हणून उरलेले सरबत बाहेर फेकले आणि ते कामाला बसले. अर्ध्या तासाच्या आत त्यांना मळमळू लागले, डोके गरगरू लागले. पेला ठेवायला गेले तेव्हा तळाशी काळपट गाळ दिसला. त्यांनी तत्काळ रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांना बोलावून घेतले.

त्याच सकाळी बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड ठरलेल्या दिवसाप्रमाणे रेसिडेंटच्या भेटीस येऊन गेले. दोघांत औपचारिक बोलणे झाले. पुढच्या साडेपाच महिन्यांत मल्हाररावांची गादी गेली आणि उरलेले आयुष्य त्यांना मद्रासमध्ये नजरकैदेत काढावे लागले.

मल्हारराव हे दुसऱ्या सयाजीरावांचे पुत्र. जन्म १८३१चा. वडिलांमागे १८४७मध्ये थोरले गणपतराव गादीवर आले, त्यांच्यामागे १८५६मध्ये खंडेराव. धाकट्या भावाच्या वाट्याला अशा घराण्यात जे येते तेच त्यांच्या वाट्याला आले : नेमणुकीचा पैसा, रिकामा वेळ आणि दरबाऱ्यांच्या कानगोष्टी. त्यांच्या शिक्षणाची आस्था कोणी घेतली नाही. १८६३मध्ये खंडेरावांच्या जिवावर उठल्याचा आरोप त्यांच्यावर आला आणि त्यांना पादऱ्याला कैदेत ठेवण्यात आले. आरोप खरा की खोटा याचा उघड निवाडा झालाच नाही. सात वर्षे ते तेथे राहिले. पुढे ज्या आरोपाने त्यांचा घात केला त्याची सावली अशी त्यांच्यावर तरुणपणापासूनच पडली होती, आणि १८७४मध्ये तिचा उपयोग करून घेणारे कमी नव्हते.

२८ नोव्हेंबर १८७० रोजी खंडेराव अचानक वारले. कैदखान्यातून मल्हारराव थेट राजवाड्यात आले. मात्र खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई गरोदर होत्या. पुत्र झाला तर गादी त्याची, या अटीवरच मल्हाररावांचा कारभार मान्य झाला होता. जुलै १८७१मध्ये जमनाबाईंना कन्या झाली आणि मल्हाररावांचे आसन स्थिर झाले. जमनाबाई पुण्यास जाऊन राहिल्या.

मल्हाररावांच्या कारभाराचे समर्थन करणे कठीण आहे. देशाभिमानाच्या भरात काही लेखकांनी ते केले, पण कागदपत्रे त्यांना साथ देत नाहीत. खंडेरावांच्या मर्जीतील माणसांवर त्यांनी सूड उगवला. माजी दिवाण भाऊ शिंदे तुरुंगात मरण पावले आणि तो मृत्यू विषाने झाल्याची कुजबुज राज्यभर पसरली. शेतकऱ्यांवर महसुलाचा बोजा वाढला, सरदारांच्या नेमणुका कापल्या गेल्या, सावकारांच्या पेढ्या लुबाडल्याच्या तक्रारी आल्या. दुसरीकडे खंडेरावांनी चांदीच्या तोफा ओतवल्या होत्या म्हणून यांनी सोन्याच्या ओतवून घेतल्या. एवढे मात्र खरे, की त्या काळातील बऱ्याच संस्थानांत याहून फार निराळे घडत नव्हते. फरक हा की मार्च १८७३मध्ये बडोद्याला फेअर रेसिडेंट म्हणून आले.

फेअर प्रामाणिक होते, कष्टाळू होते आणि हट्टी होते. तक्रारदारांसाठी त्यांनी रेसिडेन्सीचे दार उघडे टाकले. दरबाराविरुद्ध बातम्या आणणाऱ्यांचा तेथे राबता सुरू झाला. त्यांच्या अहवालांवरून १८७३च्या अखेरीस कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ नेमले गेले, आणि त्या मंडळाच्या निष्कर्षांवरून जुलै १८७४मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी मल्हाररावांना डिसेंबर १८७५अखेरपर्यंत कारभार सुधारण्याची मुदत दिली. सुधारणेसाठी महाराजांनी दादाभाई नौरोजींना दिवाण म्हणून आणले. फेअर यांना दादाभाई पसंत नव्हते. एकीकडे जुना दरबार आणि दुसरीकडे रेसिडेंट, अशा कात्रीत सापडून दादाभाईंनी जे थोडे काम केले त्याची नोंद इतिहासाने फारशी ठेवली नाही.

त्यातच लक्ष्मीबाईंचे प्रकरण उभे राहिले. मे १८७४मध्ये मल्हाररावांनी त्यांच्याशी विवाह केला आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना पुत्र झाला. हा विवाह व हा वारस मान्य करावयाचा की नाही, यावरून रेसिडेन्सी आणि राजवाडा यांच्यातील वितुष्ट टोकाला गेले. २ नोव्हेंबर रोजी महाराजांनी व्हाइसरॉयना खलिता लिहून फेअर यांची बदली मागितली. खलिता नुकताच रवाना झालेला असताना रेसिडेंटच्या पेल्यात गाळ सापडला.

डॉ. सीवर्ड यांनी तो गाळ घरी नेऊन प्राथमिक परीक्षा केली. त्यांचा संशय बळावला. मग नमुना मुंबईला डॉ. ग्रे यांच्याकडे रवाना झाला. ग्रे हे मुंबई सरकारचे रासायनिक विश्लेषक. त्यांचा निष्कर्ष असा, की गाळात पांढरा सोमल, म्हणजे आर्सेनिक ट्रायऑक्साइड आहे आणि त्याशिवाय चकाकणारे बारीक कण आहेत. हे कण हिऱ्याच्या पुडीचे ठरविण्यात आले.

सोमलच का, याचे उत्तर त्या काळातील बाजारपेठेत आहे. घोड्यांच्या औषधात, उंदीर मारायला, चामडी टिकवायला तो लागत असे आणि गावोगावच्या गांधी-बोहऱ्यांच्या दुकानात सहज मिळत असे. शुद्ध सोमल दिसायला पिठासारखा पांढरा, वास नसलेला, चव जवळजवळ नसलेला. थंड द्रवात तो फार सावकाश विरघळतो, म्हणून सरबताच्या तळाशी बसतो. फेअर यांना गाळ दिसला तो यामुळेच. प्रौढ माणसाला साधारण शंभर ते दोनशे मिलिग्रॅम, म्हणजे तत्कालीन मापात दीड ते तीन ग्रेन इतकी मात्रा प्राणघातक ठरू शकते. शरीरात गेल्यावर तो पेशींना ऊर्जा पुरविणाऱ्या विकरांमधील गंधकयुक्त भागांना चिकटतो आणि त्यांचे काम बंद पाडतो. उलट्या, पोटात कळा, भाताच्या पेजेसारखे जुलाब, हातापायांत गोळे, मग रक्तदाब कोसळणे. ही सारी लक्षणे पटकीसारखी. पटकीची साथ जवळजवळ दरवर्षी येणाऱ्या देशात सोमलाने मारलेला माणूस पटकीने गेला असे मानले जाणे अगदी सोपे होते. विष घालणाऱ्याच्या दृष्टीने याहून सोयीचे ते काय?

हिऱ्याच्या पुडीचा प्रकार मात्र वेगळा. हिरकणी गिळून जीव दिल्याच्या कथा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात, म्हणून ती पूड जहाल विष असा सार्वत्रिक समज होता. हिरा हा निव्वळ कार्बन. तो आम्लात विरघळत नाही, रक्तात शोषला जात नाही. बारीक पूड पोटात गेली तर ती आली तशी निघून जाते. पेल्यात ती घालणाऱ्याला रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण दंतकथा पक्क्या ठाऊक होत्या, एवढाच अर्थ त्यातून निघतो.

सोमल ओळखण्याचे शास्त्र तेव्हा जेमतेम चार दशकांचे होते. १८३६मध्ये जेम्स मार्श या इंग्रज रसायनज्ञाने एक युक्ती प्रसिद्ध केली. संशयित पदार्थ जस्त आणि गंधकाम्लाबरोबर एका पात्रात घालायचा. सोमल असेल तर हायड्रोजनबरोबर आर्सिन नावाचा वायू बाहेर पडतो. तो वायू काचेच्या तापलेल्या नळीतून जाऊ दिला की नळीच्या आतल्या बाजूस काळसर चकचकीत आरसा जमतो. १८४१मध्ये राइन्श यांची तांब्याच्या पट्टीची चाचणी आली. मार्शच्या पद्धतीची पहिली गाजलेली परीक्षा फ्रान्समध्ये १८४०मध्ये मारी लाफार्ज हिच्या खटल्यात झाली. तेथे पतीचे पुरलेले प्रेत उकरून काढून त्यातील सोमल शोधण्यात आला. आधीच्या रसायनज्ञांची उत्तरे परस्परविरोधी आली होती, ओर्फिला यांना पॅरिसहून बोलवावे लागले आणि त्यांनी प्रेतातून सोमल काढून दाखविला.

बडोद्यात मात्र मेलेले कोणी नव्हते. फेअर जिवंत होते, दोन-तीन घोटांनंतर बरे झाले होते. न्यायासनापुढे जो रासायनिक पुरावा ठेवला गेला त्याचा भर पेल्यातील गाळावर आणि पुढे एका शिपायाच्या पट्ट्यात सापडलेल्या पुडीवर होता. फेअर यांच्या शरीरात प्रत्यक्ष किती सोमल गेला, आधीच्या दिवसांत त्यांना जाणवलेली अस्वस्थताही विषाचीच होती का, हे त्यांच्या सांगण्यावरूनच ठरवायचे होते. हा दुवा साधा नाही. ६ व ७ नोव्हेंबरलाही आपणास बरे वाटत नव्हते, असे फेअर यांनी सांगितले. फिर्यादी पक्षाने त्याआधारे सप्टेंबरपासूनच विषप्रयोग चालू असल्याचे चित्र रंगविले. अंगावर आलेल्या गळवाच्या पट्टीलाही सोमल लावल्याचा जबाब पुढे एका साक्षीदाराने दिला. हे तपासायचे कसे?

आज तपासता आले असते. सोमल रक्तात काही तासच टिकतो, म्हणून तीव्र विषबाधेत रक्तापेक्षा लघवीची तपासणी अधिक उपयोगी. चोवीस तासांची लघवी गोळा केली, किंवा एका नमुन्यातील सोमलाचे प्रमाण क्रिएटिनिनशी ताडून पाहिले, तर मागील काही दिवसांचा हिशेब मिळतो. केस आणि नखे यांत केराटिन हे गंधकयुक्त प्रथिन असते. सोमल त्यात अडकून राहतो. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे मुळापासून टोकापर्यंत त्याचे तुकडे करून तपासले तर कोणत्या महिन्यात विष गेले याचा अंदाज बांधता येतो. नखांवर काही आठवड्यांनी आडव्या पांढऱ्या रेषा उमटतात. सप्टेंबरपासून विष दिले जात असते तर जानेवारीत कापलेल्या केसांनी ते सांगितले असते. केसांच्या तपासणीला बाहेरून लागलेल्या धुळीचा व रंगाचा दोष चिकटतो हे खरे, त्यामुळे तिच्या एकट्या भरवशावर कोणी निदान करीत नाही.

येथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मासे, कोळंबी, खेकडे खाल्ल्यानंतर लघवीत आर्सेनिक हमखास वाढलेले दिसते. ते आर्सेनोबीटेन नावाचे, शरीराला अपाय न करणारे संयुग असते. म्हणून तपासणीपूर्वी तीन-चार दिवस समुद्री अन्न टाळायला सांगतात आणि तरीही आकडा मोठा आला तर सेंद्रिय व असेंद्रिय आर्सेनिक वेगळे मोजतात. त्याचप्रमाणे धातू ओढून काढणारे औषध आधी देऊन मग लघवी तपासण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो. त्यात निरोगी माणसाचाही आकडा फुगतो आणि विनाकारण उपचार सुरू होतात. शिशासाठी रक्त, सोमलासाठी लघवी, पाऱ्यासाठी त्याच्या प्रकारानुसार रक्त वा लघवी, अशी ज्याची त्याची तपासणी ठरलेली आहे.

डॉ. ग्रे यांच्या पदनामाची आठवण महाराष्ट्रात अजून टिकून आहे. बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात, नांदूरघाटसारख्या गावात संशयास्पद मृत्यू झाला तर व्हिसेरा राखून न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे धाडला जातो. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर येथे प्रादेशिक प्रयोगशाळा आहे. त्या अहवालाला पोलीस आजही सी. ए. रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल म्हणतात. मार्शच्या आरशाची जागा अब्जांश भागही मोजणाऱ्या यंत्रांनी घेतली. अहवालात येते ते पूर्वीसारखेच : कोणते विष, किती. कोणी दिले, ते पोलिसांनी शोधायचे.

बडोद्यात ते शोधायला मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर आले. त्यांच्याबरोबर अकबर अली हे अनुभवी अधिकारी होते. डिसेंबरमध्ये फेअर यांच्या जागी सर लुईस पेली यांची नेमणूक झाली होती. महिनाअखेरीस रेसिडेन्सीचा हवालदार रावजी याने माफीच्या आश्वासनावर कबुलीजबाब दिला आणि त्याच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडली. जमादार नरसू, खानसामा पेद्रू, एक आया अशी नावे एकामागून एक पुढे आली. शेवटी महाराजांचे खासगी चिटणीस दामोदरपंत बोलले : सोमल व हिऱ्याची पूड आपणच महाराजांच्या सांगण्यावरून मिळवून दिली, असे त्यांनी सांगितले. १४ जानेवारी १८७५ रोजी मल्हाररावांना अटक झाली.

एखाद्या मांडलिक राजावर उघड चौकशी ही नवी गोष्ट होती. सरकारने सहा सदस्यांचे मंडळ नेमले. कलकत्त्याचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काउच अध्यक्ष. मीड व मेलव्हिल हे दोन इंग्रज. हिंदी सदस्य तिघे : ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंग आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव राजवाडे. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनाही विचारणा झाली होती. त्यांनी नकार दिला. हा नकार धोरणी होता असे वाटते. २३ फेब्रुवारीला कामकाज सुरू झाले. सरकारतर्फे अॅडव्होकेट जनरल स्कोबल आणि महाराजांतर्फे लंडनहून भरभक्कम मेहनताना घेऊन आलेले सार्जंट बॅलंटाइन. पुण्या-मुंबईच्या वृत्तपत्रांचे रकाने या चौकशीने भरून गेले. पुढे मराठीत तिच्यावर नाटक रचले गेले.

बॅलंटाइन यांनी रसायनशास्त्राला हात लावला नाही. सोमल पेल्यात होता हे त्यांनी जवळपास मान्यच केले. तो कोणी टाकला हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्यातील एक मुद्दा आजही वाचकाला अडवतो. फेअर यांनी तोंडात तांब्यासारखी चव आल्याचे सांगितले होते. त्यांच्याकडे बातम्या आणणाऱ्या भाऊ पुणेकर नामक इसमाने विषात सोमल, हिऱ्याची पूड आणि तांबे असल्याचे त्यांना सांगितले. डॉ. ग्रे यांना तांबे सापडले नाही. सोमलानेही तोंडात धातूसारखी चव येऊ शकते, तेव्हा फेअर खोटे बोलत होते असे म्हणता येत नाही. पण खबऱ्याला दोन घटक अचूक आणि तिसरा चुकीचा कसा ठाऊक झाला? विषाची माहिती त्याला राजवाड्यातून मिळाली की रेसिडेन्सीतून? या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळाले नाही. प्रमुख साक्षीदार सारेच पोलिसांच्या ताब्यात राहून, माफीच्या आशेवर बोललेले होते, यावरही बचावाने बोट ठेवले. मल्हाररावांनी लेखी निवेदन देऊन आरोप साफ नाकारला.

निकाल दुभंगला. काउच, मीड, मेलव्हिल या तिघांच्या मते विषप्रयोगाची चिथावणी महाराजांनीच दिली. शिंदे, जयपूरकर व दिनकरराव यांच्या मते गंभीर आरोप सिद्ध झाला नाही. एकच साक्ष, एकच रासायनिक अहवाल आणि वर्णाप्रमाणे वाटली गेलेली मते. इंग्रज तिघे पक्षपाती होते आणि हिंदी तिघे निःपक्षपाती, असे मात्र म्हणता येणार नाही. स्वतः मांडलिक असलेल्या राजांना दुसऱ्या राजाची गादी जाताना पाहणे जड जाणारच.

सरकारने मग तिसरी वाट काढली. १९ एप्रिल १८७५च्या जाहीरनाम्यात मल्हाररावांना पदच्युत केले ते विषप्रयोगासाठी नव्हे, तर गैरवर्तन व गैरकारभारासाठी. म्हणजे ज्या कारणासाठी डिसेंबरअखेरची मुदत दिली होती, त्याच कारणासाठी मुदत संपण्याच्या आठ महिने आधी. ज्याची चौकशी केली त्याची शिक्षा नाही, आणि ज्याची शिक्षा दिली त्याची ही चौकशी नव्हती. कायद्याच्या दृष्टीने हे लंगडेच म्हणावे लागेल. बडोद्याच्या रयतेला नंतर चांगला कारभार लाभला हा मुद्दा वेगळा.

२२ एप्रिलला महाराजांना बडोद्याहून मद्रासला हलविण्यात आले. काही दिवसांतच लक्ष्मीबाईंच्या पुत्राला गादी मिळावी म्हणून शहरात दंगा उसळला. तो लष्कराने मोडून काढला. पुण्याहून परतलेल्या जमनाबाईंना दत्तकाची परवानगी मिळाली. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा बारा वर्षांचा गोपाळराव निवडला गेला, २७ मे रोजी दत्तविधान झाले आणि तिसरे सयाजीराव गादीवर बसले. सर टी. माधवराव दिवाण झाले.

मद्रासमध्ये मल्हाररावांना नुंगंबाक्कममधील डोव्हटन हाउस या प्रशस्त बंगल्यात ठेवण्यात आले. तेथे पुढे विमेन्स ख्रिश्चन कॉलेज भरू लागले. नेमणूक मिळत होती, नोकरचाकर होते, बाहेर जाण्यास पहारा होता. पादऱ्याच्या कैदेपासून मद्रासच्या नजरकैदेपर्यंत मध्ये राज्याची जेमतेम चार-साडेचार वर्षे त्यांना मिळाली. १८८२मध्ये मद्रास येथेच त्यांचे निधन झाले.